चौथी पट्टी

आपल्या हॉस्टेलमध्ये दोन पंथ आहेत. पहिला ‘चालतंय की’ पंथ. अनुयायी भरपूर, वर्गणी नाही, प्रवेश कधीही. जर्नल उद्या सबमिट करायचंय? चालतंय की, रात्री बसू. शीट राहिली? चालतंय की, जीटी मारू. (नवीन आलेल्या एफईवाल्यांसाठी: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली बल्ब, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. पुढचं सीनियर्स शिकवतीलच.) सर्किटला आउटपुट येत नाही? चालतंय की, एक्स्टर्नल कुठे सप्लाय ऑन करून बघतात!

दुसरा पंथ छोटा. या लोकांचं कशानेच ‘चालत’ नाही. मार्जिन जरा तिरकी आली की अख्खं पान फाडायचं. नव्वद मार्क्स पडले तर उरलेल्या दहांचं सुतक पाळायचं. प्रेझेंटेशन सकाळी नऊला असेल तर रात्री अडीचला स्लाइडचा फॉन्ट बदलायचा, आणि तीन वाजता परत पहिला ठेवायचा.

वक्तृत्व स्पर्धांमध्ये या दोन पंथांची दरवर्षी भांडणं लावून देतात. विषय साधारण ‘उच्च ध्येय: शाप की वरदान’ छाप. शेवटी परीक्षक ‘सुवर्णमध्य साधावा’ असं सांगतात आणि चहाला जातात. मला तो सुवर्णमध्य कधीच पटला नाही. अर्धवट सोल्डर केलेला जॉइंट हा काही मध्य नव्हे, तो जॉइंटच नव्हे! म्हणून आधीच सांगून टाकते, मी दुसऱ्या पंथाच्या बाजूची. माणसानं स्वतःकडून जास्तच मागावं. माझी तक्रार वेगळी आहे, आणि सुदैवानं ती आपल्याच भाषेत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगता येते.

तक्रारीच्या आधी माझ्या रूमपार्टनरबद्दल थोडं. (परवानगी घेतली आहे. अट एकच, नाव छापायचं नाही.) तिचं सोल्डरिंग बघत बसावं असं असतं. आधी पॅड साफ करणार, बिट ओल्या स्पंजवर पुसणार, पॅड आणि कंपोनंटचा पाय दोन्ही एकदम तापवणार आणि मगच वायर लावणार. जॉइंट कसा, तर इवल्याशा डोंगरासारखा, चकचकीत. एका पीसीबीला तिला दोन तास लागतात. बाकी वर्ग चाळीस मिनिटांत मोकळा. पण मिनी प्रोजेक्टच्या दिवशी काय झालं? रात्रीपर्यंत ठणठणीत असलेल्या निम्म्या सर्किट्सना सकाळी आउटपुटच येईना. सगळीकडे ड्राय सोल्डर. बोर्ड बोटानं दाबला की एलईडी लागतो, बोट काढलं की विझतो. एका ग्रुपमधल्या चौघांनी ओरल संपेपर्यंत आळीपाळीनं बोट दाबून धरलं! हिचं डिजिटल घड्याळ पहिल्या फटक्यात चालू झालं. आजही ते आमच्या कपाटावर आहे आणि वेळ बरोबर दाखवतं.

मार्क्स म्हणाल तर तिला आणि त्या बोटवाल्या ग्रुपला जवळजवळ सारखेच पडले. त्यामुळे उच्च मापदंडांचा फायदा मार्कलिस्टमध्ये शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. तो त्या घड्याळात आहे. आणि तिच्या डोळ्यात आहे. ती आता दुसऱ्याचा बोर्ड नुसता तिरका धरून कुठला जॉइंट कच्चा आहे ते सांगते. हा डोळा ‘चालतंय की’ म्हणून येत नाही. शंभर जॉइंट मनासारखे होईपर्यंत केले की तो येतो, आणि मग आयुष्यभर राहतो.

पण हीच मुलगी असाइनमेंटच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहिताना एका अक्षराची शेपटी बिघडली म्हणून पान फाडते. मग दुसरं. मग तिसरं. सोल्डरिंग आणि शेपटी, दोन्हींत तेवढाच जीव! माझी तक्रार इथून सुरू होते.

एक रेझिस्टर हातात घ्या. ई अँड टीसीवाल्यांच्या खिशात असेलच, बाकीच्यांनी मागून घ्या. त्यावर साधारणपणे चार रंगीत पट्ट्या असतात. पहिल्या दोन आकडे सांगतात, तिसरी शून्यं किती ते सांगते. तपकिरी, काळी, नारिंगी म्हणजे दहा किलोओहम. आणि चौथी? बहुतेक वेळा सोनेरी. ती म्हणते, मी दहा किलोओहम आहे खरी, पण पाच टक्के इकडेतिकडे धरून चला. ९.५ निघेन, १०.५ही निघेन. पट्टी चंदेरी असेल तर दहा टक्के. आता व्हायवाचा आवडता प्रश्न: चौथी पट्टीच नसेल तर? ‘मग एकदम ॲक्युरेट’ असं उत्तर दिलंत की संपलात. पट्टी नसेल तर टॉलरन्स वीस टक्के!

मला हा नियम फार आवडतो. आपण किती चुकू शकतो हे ज्यानं अंगावर रंगवून घेतलंय, त्याच्यावर जास्त भरवसा. ज्यानं काहीच लिहिलेलं नाही, त्याच्यावर सगळ्यात कमी. आणि दुसऱ्या पंथाचं दुखणं नेमकं हेच आहे. पहिल्या तीन पट्ट्या ठळक, चौथीचा पत्ता नाही. ‘मला परफेक्ट हवं’ असं आपण म्हणतो, पण किती टक्क्यांपर्यंत आणि कुठल्या कामात, हे ठरवतच नाही.

बाजारात एक टक्कावाले रेझिस्टरही मिळतात. इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायरमध्ये ते घ्यावेच लागतात, तिथं काटकसर केली तर सिग्नलऐवजी नॉइजच मोठा करून बघत बसावं लागतं. पण एलईडीच्या सिरीजमधल्या रेझिस्टरसाठी कुणी एक टक्कावाला शोधत दुकानं पालथी घातली तर? एलईडीला ते कळणारसुद्धा नाही.

मेकॅनिकलवाले म्हणतील, आमचं काय. तुमचं तर सगळ्यात जुनं! फिटिंग शॉप आठवा. पन्नास बाय पन्नासचा एमएसचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा, कानस मारायची, गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि जॉबच्या मधून उजेडाची रेघ दिसली की परत कानस. आमच्या बॅचमधला एक मुलगा त्या रेघेच्याच मागे लागला. या कडेची गेली की त्या कडेला दिसायची. तीन प्रॅक्टिकल्स तो नुसता घासत होता. शेवटी रेघ गेली. कडा अशा झाल्या की हात फिरवत राहावं. इन्स्ट्रक्टर सरांनी व्हर्निअर लावला. ४८.२! ड्रॉइंगवर ±०.५ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ‘बाळा, लोखंड काढता येतं, परत लावता येत नाही,’ एवढंच म्हणून सरांनी जॉब त्याच्या हातात ठेवला.

हे झालं वेळेचं आणि लोखंडाचं नुकसान. मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या नुकसानीची.

कुठलंही जर्नल उघडा. इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायरचं प्रॅक्टिकल. इनपुटला एक किलोओहम, फीडबॅकला दहा. थिअरॉटिकल गेन दहा. (मायनस चिन्ह आहे, माहीत आहे!) ऑब्झर्व्ड गेन किती? ९.९८. शेजारचं जर्नल? ९.९७. त्याच्या पुढचं? परत ९.९८. आता सोनेरी पट्टीचा हिशोब करा. दोन्ही रेझिस्टर पाच टक्क्यांचे, एक खाली आणि एक वर निघाला, तर गेन ९.०५ पासून ११.०५ पर्यंत कुठेही येऊ शकतो. वीस जणांच्या बॅचमध्ये सगळ्यांचाच ९.९८ म्हणजे चमत्कार म्हणायला हवा.

तुम्ही म्हणाल, हे ‘चालतंय की’वाल्यांचं काम. अजिबात नाही! त्यांनी फक्त छापलेलं असतं. ज्या मूळ जर्नलवरून अख्खी बॅच छापते, ते दुसऱ्या पंथातल्याच कुणाचं तरी असतं. त्याला मीटरवर खराखुरा १०.६ दिसला होता, पण तो सहन झाला नाही. रीडिंग ‘चुकलं’ असं वाटलं आणि त्यानं ते दुरुस्त केलं. म्हणजे बघा, सगळ्यात उंच मापदंड असलेल्या माणसानंच खोटा आकडा लिहिला. आणि १०.६ मध्ये शिकण्यासारखं जेवढं होतं, रेझिस्टर काढून मोजणं, कुठला सरकलाय ते शोधणं, ते सगळं खोडरबरखाली गेलं.

मी बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली. (म्हणून या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ रूमपार्टनरनं तपासलेत, तिच्या सवयीप्रमाणे चार वेळा. उरलेलं संपादकांनी बघावं.) आमच्या सिस्टर्स कडक होत्या. चार रेघांच्या वहीत कर्सिव्ह काढायचं, एक लूप सुटला की ओळ परत. प्रगतिपुस्तकात नीटनेटकेपणाला वेगळा रकाना. पण तिथं एक सोय होती आणि तिची किंमत मला इथं आल्यावर कळली. रफ वही! फेअर वहीत खाडाखोड दिसली तर खैर नसायची, पण रफ वहीला कुणी हात लावायचं नाही. तिच्यात गणितं तीनदा चुकायची, खोडली जायची, मागच्या पानांवर फुली-गोळा चालायचा. एवढी कडक शिस्त आम्हाला झेपली ती त्या वहीमुळे. कॉलेजात आल्यावर रफ वही बंद झाली. असाइनमेंट फेअर, जर्नल फेअर, शीट फेअर. मोबाइलवर आपण स्वतःबद्दल जे टाकतो तेही फेअरच. चुकायचं कुठे, ती जागाच उरली नाही.

आणि चूक दिसूच द्यायची नाही असं ठरलं की पुढची पायरी येते. माणूस आपल्या मोजपट्टीवरच शंका घेणं सोडतो. याचं सगळ्यात महागडं उदाहरण अंतराळात आहे. हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी सुटली. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा, आणि त्याचं पॉलिशिंग त्या काळी जगातल्या सर्वोत्तमांपैकी. फोटो आले तर धूसर! चौकशीत कळलं, की आरसा कडेला जरुरीपेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेलाय. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. कारण काय? घासकाम तपासायचं जे उपकरण होतं, नल करेक्टर, त्याच्यातलीच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसवलेली होती. कारागिरांनी त्या उपकरणाचं शब्दशः ऐकलं आणि आरसा अत्यंत अचूकपणे चुकीच्या आकाराचा केला.

पण मला खरी टोचणारी गोष्ट पुढची आहे. दुसऱ्या दोन उपकरणांनी काहीतरी गडबड असल्याचं दाखवलं होतं. ती उपकरणं कमी अचूक, म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. ‘आपलं उपकरण सर्वोत्तम आहे’ या विश्वासापुढे साध्या उपकरणांनी दिलेला इशारा फिका पडला. आपल्याकडे नाही का होत? टॉपरला शेवटच्या बाकावरच्यानं चूक दाखवली की टॉपर आधी कुणाकडे बघतो? चुकीकडे की बाकाकडे?

हबलची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी पहिल्या पंथाला आयतं कोलीत दिल्यासारखं होईल. आरसा इतक्या काटेकोरपणे चुकला होता, की चूक किती हे काटेकोर काढता आलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन नेमकी उलटी दुरुस्ती असलेली प्रकाशयंत्रणा बसवली, अगदी चष्मा लावावा तशी. मग जे फोटो आले ते आपण शाळेच्या पुस्तकांपासून बघतोय. आरसा ढिसाळ घासलेला असता, इथं खड्डा तिथं उंचवटा, तर कुठलाच चष्मा चालला नसता. कामाचा दर्जा उंच असला की चूकसुद्धा दुरुस्त होण्याच्या लायकीची होते. हा फायदा सहसा कुणी सांगत नाही.

आता मोजपट्टी बनवतं कोण? मानसशास्त्रात परफेक्शनिझमचे तीन प्रकार मानतात: मी माझ्याकडून मागते तो, मी दुसऱ्यांकडून मागते तो, आणि दुसरे माझ्याकडून मागताहेत असं मला वाटतं तो. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र केली होती. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, पण सगळ्यात जास्त वाढला तो तिसरा. तो अभ्यास आपल्याकडचा नाही. पण रविवारी रात्री घरून फोन येतो तेव्हा हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहा, आणि ‘हो बाबा, चाललाय अभ्यास’ किती आवाजांत ऐकू येतं ते मोजा.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलीनं एम-थ्रीचा पेपर दिलाच नाही. आजारी नव्हती, झोपूनही राहिली नव्हती. सकाळी आंघोळ करून, हॉल तिकीट टेबलावर ठेवून, कंपास भरून ती तशीच पलंगावर बसून राहिली. सहापैकी चार युनिट्स पक्की, पाचवं अर्धं, सहावं झालेलं नव्हतं. पासिंगला चाळीस टक्के लागतात, ती मुलगी सहज साठ-पासष्ट घेऊन आली असती. नंतर विचारलं तर म्हणाली, ‘अगं, पूर्ण न करता कशी जाऊ? साठ पडले असते तर घरी काय सांगणार होते?’ साठ सांगायला लागू नयेत म्हणून तिनं शून्य घेतलं! आता ती घरी बॅकलॉग सांगते, आणि तेही अर्धंच.

त्या रात्री रेक्टर मॅडम तिच्या खोलीत दोन तास बसल्या. काही उपदेश केला नाही, फक्त चहा करून दिला. मॅडम, तुम्हाला वाटलं असेल आमचं लक्ष नव्हतं. होतं. (आणि एक राहिलं. झोप उडणं, जेवण सुटणं इथपर्यंत कुणाचं गेलं असेल तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही, कॉलेजच्या समुपदेशकांकडे जावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबरही मोफत आणि चोवीस तास चालू असतो. नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लावायला हरकत नाही.)

त्या मुलीला ‘अपेक्षा कमी ठेव’ असं बऱ्याच जणींनी सांगितलं. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. तिची अपेक्षा जास्त नव्हती, चुकीच्या जागी होती. एम-थ्री शिकणं हा मापदंड असता तर ती पेपरला बसली असती, कारण तीन तास गणितं सोडवूनही माणूस शिकतोच. तिचा मापदंड होता, कमी पडताना दिसायचं नाही. आणि कधीच कमी पडताना न दिसण्याची खात्रीची युक्ती एकच, मैदानात न उतरणं.

मैदानावरून आठवलं. सिडनी, जानेवारी २००४. आमच्यापैकी बहुतेकांचा जन्मसुद्धा झाला नव्हता, पण ज्या घरात बाबा क्रिकेटवेडे आहेत तिथं ही इनिंग दर दिवाळीत एकदा तरी ऐकावी लागते. त्या मालिकेत सचिनच्या आधीच्या धावा बघा: ब्रिस्बेनला ०, ॲडलेडला १ आणि ३७, मेलबर्नला ० आणि ४४. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू ड्राइव्ह करायला जाणं महागात पडतंय असं त्याला वाटलं. सिडनीत त्यानं कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बंदच करून टाकला. ज्या फटक्यासाठी लोक तिकिटं काढत होते तोच! ४३६ चेंडू खेळला, ३३ चौकार मारले, नाबाद २४१. बाबा अजून म्हणतात की बघायला ती त्याची सगळ्यात देखणी इनिंग नव्हतीच. बरोबर आहे. त्या दिवशी त्याचा मापदंड देखणेपणा नव्हता, आउट न होणं होता. ‘माझा कव्हर ड्राइव्ह परफेक्ट दिसलाच पाहिजे’ असा हट्ट धरला असता तर पाचव्या आकड्यापुढे सहावा असाच एखादा आला असता. एक मापदंड आणखी उंच धरायचा म्हणून त्यानं दुसरा मुकाट्यानं खाली ठेवला. दोन्ही उंच ठेवायचे असतात असं आपल्याला कुणी सांगितलं, देव जाणे.

कॉम्प्युटरवाल्यांची आठवण काढली नाही तर ते रुसतील. डोनाल्ड नूथ हे तुमचं दैवत. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’चे पहिले तीन खंड १९६८, १९६९ आणि १९७३ मध्ये आले. पुढे दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं १९७७ मध्ये हातात आली तेव्हा छपाई त्यांना इतकी भिकार वाटली, की स्वतःच अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहायला बसले. लवकरच उरकेल असा अंदाज होता, पण काम जवळपास दहा वर्षं चाललं. तेच हे टेक, ज्याच्यावर उभ्या असलेल्या लॅटेकमध्ये आपले सीनियर्स प्रोजेक्ट रिपोर्ट करतात. आता तोटा बघा: चौथ्या खंडाचा पहिला भाग पुस्तकरूपात यायला २०११ उजाडलं, दुसरा २०२२ मध्ये आला, आणि मूळ बेत सात खंडांचा होता. जन्म १९३८ चा. हिशोब तुम्हीच करा. एका माणसाच्या हट्टापायी पुस्तक रखडलं, आणि जगभरच्या गणितवाल्यांना छपाई मिळाली. हा फायदा की तोटा, मला अजून ठरवता आलेलं नाही. फॉन्टपायी रात्री जागणाऱ्यांनी मात्र यातून स्फूर्ती घेऊ नये, आधी निदान तीन खंड लिहावेत!

तरी नूथबाबांची एक गोष्ट मला फार भावते. पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचं बक्षीस देतात. २५६ सेंट म्हणजे एक हेक्साडेसिमल डॉलर, असा त्यांचा विनोद. इतका काटेकोर माणूस, पण चुका असणारच हे धरून चाललाय, आणि त्या दाखवणाऱ्याला पैसे मोजतोय. यालाच मी सोनेरी पट्टी म्हणते.

आपल्या स्टाफकडे एवढीच मागणी आहे. जर्नलच्या ऑब्झर्वेशन टेबलमध्ये एक रकाना वाढवून द्या: ‘फरक का आला?’ आणि दहापैकी दोन मार्क्स त्या रकान्याला ठेवा. ज्याचा गेन ९.९८ आला असेल त्याला दोन्ही रेझिस्टर काढून मल्टिमीटरवर मोजून दाखवायला सांगा. आमच्या विभागातल्या एक मॅडम हे आत्ताच तोंडी विचारतात, आणि त्यांच्या बॅचचे आकडे बघण्यासारखे असतात: ९.४, १०.३, ९.७, एकाचा तर ११.०. त्या ११.०वाल्याला व्हायवात सगळ्यात कमी वेळ लागला, कारण कुठला रेझिस्टर सरकलाय हे तो मोजूनच आला होता. सध्याच्या टेबलमध्ये उजवीकडे मोकळी जागा आहे, मी पट्टी लावून बघितली. दीड सेंटिमीटरचा रकाना आरामात बसतो. पुढच्या टर्मची जर्नल्स छापायला जाण्याआधी तेवढं बघावं.